इंग्रजीचे सरावपाठ आणि मराठी विद्यार्थ्याची चूक

व्याकरणग्रंथांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष स्वाभाविकपणेच नियमांकडे जाते. अमुक वैयाकरणाने शब्दांच्या जाती किती मानल्या, काळांची व्यवस्था कशी लावली, पूर्वसूरींपासून काय घेतले, या प्रश्नांची चर्चा विपुल झालेली आहे. नियमांच्या खाली, बहुधा बारीक टाइपात, जे सरावपाठ छापलेले असतात त्यांची मात्र फारशी दखल कोणी घेत नाही. वास्तविक पाहता विद्यार्थ्याचा बहुतेक वेळ या सरावपाठांतच जातो. नियम तो एकदा वाचतो. वाक्ये मात्र पन्नास वेळा लिहितो. म्हणून इंग्रजीचे शिक्षण महाराष्ट्रात प्रत्यक्ष कसे झाले हे जाणून घ्यावयाचे असेल, तर विद्यार्थ्याकडून काय करवून घेतले जात होते हे पाहणे अगत्याचे आहे.

प्रत्येक प्रकारच्या सरावपाठामागे विद्यार्थ्याविषयीची एक कल्पना गृहीत धरलेली असते. तो कोणती भाषा बोलत वाढला, तो कोठे चुकेल, आणि चूक ही कोणत्या स्वरूपाची वस्तू आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे पाठ रचणाऱ्याने कळत नकळत दिलेली असतात. मुंबई इलाख्यात इंग्रजीचे जे सरावपाठ प्रचारात आले, त्यांपैकी अनेकांत ही उत्तरे दुसऱ्याच कोणा विद्यार्थ्याला उद्देशून दिलेली होती. त्याचे परिणाम दीर्घकाळ टिकले.

१. अशुद्ध वाक्याचा पाठ

'पुढील वाक्ये शुद्ध करा' ही आज्ञा परिचयाची आहे. तिचा उगम इंग्लंडमध्ये इंग्रजी हीच मातृभाषा असलेल्या मुलांच्या शिक्षणात आहे. लॅटिनच्या अध्यापनात सदोष वाक्ये देण्याची चाल पूर्वीपासून होती. ती इंग्रजी व्याकरणात आणण्याचे श्रेय सामान्यतः ॲन फिशर या न्यूकॅसल येथील शिक्षिकेकडे जाते. १७४५ च्या सुमारास निघालेल्या तिच्या व्याकरणात सदोष इंग्रजीचे पाठ मुद्दाम समाविष्ट केलेले होते. पुढे १७६२ मध्ये रॉबर्ट लोथ याने आपल्या व्याकरणात नामांकित इंग्रज लेखकांचीच वाक्ये तळटीपांत देऊन त्यांतील दोष दाखविले. लोथचा हेतू विद्वानांना सावध करण्याचा होता. परंतु दोष दाखवून नियम शिकविण्याच्या पद्धतीला त्यामुळे प्रतिष्ठा लाभली.

या पद्धतीचा खरा प्रसार केला लिंडले मरे याने. मरे हा मूळचा अमेरिकन वकील. तो इंग्लंडात यॉर्कजवळ येऊन स्थायिक झाला होता. यॉर्क येथील मुलींच्या एका शाळेसाठी त्याने १७९५ मध्ये इंग्रजी व्याकरण प्रसिद्ध केले. १७९७ मध्ये सरावपाठांचे स्वतंत्र पुस्तक आणि त्या पाठांची उत्तरे देणारे दुसरे पुस्तक त्याने काढले. नियम एका पुस्तकात, चुका दुसऱ्यात आणि उत्तरे तिसऱ्यात अशी ही योजना होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मरेची पुस्तके इंग्लंड-अमेरिकेत अपार खपली आणि इंग्रजी अंमलाबरोबर इतरत्रही पोचली.

या पाठांतील चुका कोणाच्या होत्या? त्या इंग्रजी बोलतच वाढलेल्या मुलांच्या होत्या. 'आय डोन्ट नो नथिंग' असा दुहेरी नकार, 'ही हॅज वेंट' यांसारखी क्रियापदांची बोलीतील रूपे, 'हू' आणि 'हूम' यांची अदलाबदल, या गोष्टी यॉर्कच्या रस्त्यावर ऐकू येत होत्या. त्या मुलींना इंग्रजी शिकविण्याचे कारण नव्हते. घरचे इंग्रजी बाजूला सारून शिष्टसंमत इंग्रजी अंगी बाणवावयाचे होते. मरेचा पाठ त्या कामासाठी योग्यच होता.

२. मुंबईत आलेले पुस्तक

१८२२ मध्ये मुंबईत शाळा आणि शालेय पुस्तके यांसाठी जी संस्था निघाली, तिचेच १८२७ मध्ये बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी असे नामांतर झाले. तिच्या शाळांतून आणि पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधून मराठी, गुजराती आणि पारशी मुले इंग्रजी शिकू लागली. त्या काळी उपलब्ध असलेली इंग्रजी व्याकरणे ही इंग्लंडातील मुलांसाठी लिहिलेली होती, आणि त्यांत मरेचे स्थान प्रमुख होते. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले; त्याच्या मांडणीवर मरेची छाया आहे, असे मराठी व्याकरणाच्या अभ्यासकांनी नमूद केलेलेच आहे. मरेच्या नियमांचा मराठी व्याकरणावर झालेला हा परिणाम चर्चिला गेला. त्याच्या सरावपाठांचा मराठी विद्यार्थ्याशी जो विसंवाद होता, तो मात्र दुर्लक्षित राहिला.

हा विसंवाद भाषेच्या दृष्टीने तपासून पाहता येतो. दुहेरी नकाराची चूक मराठी भाषकाला सहसा सुचतच नाही. 'मला काही माहीत नाही' या वाक्यात नकार एकदाच येतो. 'काही' हा शब्द स्वतः नकारार्थी नाही. 'हू' आणि 'हूम' यांतील भेद इंग्लंडमधील मुलाला अवघड, कारण त्याच्या बोलण्यातून तो नाहीसा होत चालला होता. मराठी मुलाच्या तोंडी मात्र 'कोण' आणि 'कोणाला' हा भेद रोजचा आहे. अर्थात सर्वच पाठ निरुपयोगी होते असे म्हणता येणार नाही. कर्ता आणि क्रियापद यांच्या वचनाचा मेळ हा विषय दोघांनाही अडचणीचा होता, आणि तेथे मरेचा पाठ मुंबईतही कामाला येत असे.

आता मराठी विद्यार्थी प्रत्यक्षात कोठे अडतो ते पाहावे. मराठीत 'अ' आणि 'द' यांसारखी उपपदे नाहीत. म्हणून ती कोठे घालावीत आणि कोठे गाळावीत हा त्याचा जन्माचा प्रश्न होऊन बसतो. 'मी दोन वर्षांपासून पुण्यात राहतो' येथे मराठी वर्तमानकाळ वापरते. इंग्रजीला तेथे पूर्णत्वाचे रूप हवे असते. त्यामुळे 'आय ॲम लिव्हिंग इन पूना सिन्स टू इयर्स' हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या लिहिले गेले. 'तू कोठे जात आहेस?' या प्रश्नात मराठी शब्दांचा क्रम बदलत नाही. म्हणून 'व्हेअर यू आर गोइंग' हे रूप ओठांवर येते. 'कालच' मधील 'च' साठी 'येस्टरडे ओन्ली' असा प्रयोग होतो. 'तू आला नव्हतास ना?' या प्रश्नाला मराठी माणूस 'हो, आलो नव्हतो' असे उत्तर देतो आणि इंग्रजीतही 'येस' म्हणून मोकळा होतो.

या चुका यॉर्कच्या मुलीने कधीच केल्या नसत्या. म्हणून तिच्या पुस्तकात त्या नाहीत. परिणामी मुंबईचा विद्यार्थी ज्या चुका तो करणार नव्हता त्या दुरुस्त करीत बसे, आणि ज्या तो हटकून करणार त्यांच्यासाठी पुस्तकात ओळही नसे. आणखी एक हानी झाली. जी अशुद्ध रूपे त्याने कधी ऐकलीच नव्हती, ती त्याला प्रथम पुस्तकातच वाचावयास मिळाली. अपरिचित भाषेत शुद्ध आणि अशुद्ध ही दोन्ही रूपे सारखीच नवी असतात. छापलेले अशुद्ध वाक्य तेवढेच मनात राहण्याचा धोका तेथे अधिक असतो.

३. भाषांतराचा पाठ

दुसऱ्या प्रकारच्या पाठाचा उगम जर्मनीत आहे. तेथे इंग्रजी ही परकी भाषा होती. योहान ख्रिस्तियान फिक याने १७९३ मध्ये जर्मन विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीचे जे पुस्तक रचले, त्यात नियमामागून भाषांतरासाठी सुटी वाक्ये दिलेली होती. एकोणिसाव्या शतकात ओलेंडोर्फ, प्लॉट्झ आदींनी ही रचना सर्व युरोपभर नेली. एक नियम, काही शब्द, मग परभाषेतून स्वभाषेत आणि स्वभाषेतून परभाषेत करावयाची वाक्ये असे तिचे स्वरूप होते. या रचनेची पुढे पुष्कळ थट्टा झाली. वाक्यावाक्यांत संबंध नाही, कोणी कधी बोलणार नाही अशी वाक्ये घालतात, असे आक्षेप घेण्यात आले, आणि ते खोटे नव्हते.

तरीही या पाठात एक गोष्ट होती जी मरेच्या पाठात नव्हती. विद्यार्थ्याची स्वतःची भाषा तेथे पुस्तकाच्या पानावर होती. द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांच्या तीन भागांच्या 'भाषांतर पाठमाले'चे महत्त्व याच कारणाने मोठे आहे. (आडनावाच्या साम्यामुळे ही पाठमाला पुष्कळदा दादोबांच्या नावावर घातली जाते; ती त्यांची नव्हे.) पाठमालेत नियमाचे स्पष्टीकरण मराठीतून येते, शब्दार्थ मराठीत दिलेले असतात, आणि प्रत्येक पाठात दोन्ही दिशांनी भाषांतर करावे लागते. सोप्या रचनेकडून अवघड रचनेकडे जाण्याचा क्रम तीत कसोशीने सांभाळलेला आहे. शिक्षक नसताना घरी बसून इंग्रजी शिकणाऱ्याला ती वापरता येई. इतर समकालीन पुस्तके विस्मृतीत गेली तरी पाठमालेच्या आवृत्त्या आजही मिळतात, यावरून तिची उपयुक्तता लक्षात यावी.

मराठी वाक्याचे इंग्रजी करावयाचे म्हटले की दोन्ही भाषांतील भेद विद्यार्थ्याच्या अंगावर येतो. 'मला ताप आहे' याचे इंग्रजी करताना 'मला' हा शब्द कर्त्याच्या जागी आणावा लागतो. 'रामाने आंबा खाल्ला' याचे इंग्रजी करताना 'ने' कोठे जातो हा प्रश्न पडतो. भाषांतराचा पाठ विद्यार्थ्याची चूक आधी छापून ठेवीत नाही. तो तिला वाट करून देतो आणि मग ती पकडतो. त्या चुका मराठी विद्यार्थ्याच्याच असतात.

याच रचनेचा प्रभाव आणखी एका क्षेत्रात दिसतो. रा. गो. भांडारकर यांनी १८६० च्या दशकात संस्कृतची जी प्रवेशिका तयार केली, तीत नियम, शब्द आणि दोन्ही बाजूंची भाषांतरे हाच आराखडा आहे. मात्र तेथील माध्यम इंग्रजी आहे. त्यामुळे मराठी मुलगा संस्कृत शिकत असताना त्याला इंग्रजी वाक्यरचनेचाही सराव होत होता. पाठांतरावर उभ्या असलेल्या जुन्या संस्कृत अध्ययनात सरावपाठाने हा जो शिरकाव केला, तो शिक्षणाच्या इतिहासातील महत्त्वाचा बदल होय.

४. पृथक्करण आणि रूपांतर

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली आणि १८५९ मध्ये पहिली प्रवेशपरीक्षा झाली. परीक्षा आली की तपासण्यास सोपे असे प्रश्न हवे असतात. वाक्यपृथक्करण हा त्यांपैकी एक प्रकार. जर्मन पंडित कार्ल बेकर याच्या विचारांवर आधारलेले जे. डी. मोरेल याचे पुस्तक १८५२ मध्ये इंग्लंडात निघाले, आणि वाक्याचे उद्देश्य-विधेय असे तुकडे पाडण्याचा पाठ शाळाशाळांतून रूढ झाला. गोपाळ गणेश आगरकर यांनी १८८८ मध्ये 'वाक्यमीमांसा' लिहून हा विचार मराठीत आणला. इंग्रजीच्या वर्गातील एक सरावपाठ अशा रीतीने मराठी व्याकरणाचे एक प्रकरण बनला. तो आजही मराठीच्या शालेय पुस्तकांत आहे.

दुसरा प्रकार रूपांतराचा : प्रयोग बदला, प्रत्यक्ष कथनाचे अप्रत्यक्ष करा. वायव्य प्रांत व अयोध्या येथील शिक्षणखात्याचे प्रमुख राहिलेले जे. सी. नेसफील्ड यांच्या १८९० च्या दशकातील पुस्तकमालेने आणि पुढे १९३५ च्या सुमारास निघालेल्या रेन व मार्टिन यांच्या व्याकरणाने हे पाठ भारतभर नेले. यांतील पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात काम केलेले गृहस्थ. कादंबरीकार म्हणूनही ते प्रसिद्ध आहेत. या दोन पाठांचे मूल्यमापन वेगवेगळे करावे लागते. अप्रत्यक्ष कथनाचा पाठ मराठी विद्यार्थ्याला खरोखरच उपयोगी होता. 'तो म्हणाला की मी येणार नाही' या मराठी वाक्यातील 'मी' हा बोलणाऱ्याचाच राहतो. इंग्रजीत त्याचा 'ही' होतो आणि क्रियापदाचा काळही मागे सरतो. हा भेद सवयीनेच अंगवळणी पडतो.

प्रयोग बदलण्याच्या पाठाने मात्र घोटाळा वाढविला. 'कर्तरी' आणि 'कर्मणी' या मराठी संज्ञा शिक्षकांनी इंग्रजीतील 'ॲक्टिव्ह' आणि 'पॅसिव्ह' यांच्या जागी सर्रास वापरल्या. परंतु 'रामाने आंबा खाल्ला' हा कर्मणी प्रयोग भूतकाळी सकर्मक क्रियापदाचा नित्याचा प्रयोग आहे. प्रमाण मराठीत त्याला पर्याय नाही. इंग्रजीतील 'पॅसिव्ह' ही बोलणाऱ्याने केलेली निवड असते. दोहोंना एकच नाव दिल्यामुळे साध्या मराठी वाक्याचे 'द मँगो वॉज ईटन बाय राम' असे अवजड इंग्रजी होऊ लागले. शिवाय ही रचना केव्हा वापरावी हा खरा प्रश्न पाठात विचारलाच जात नसे. ती करता येते की नाही एवढेच पाहिले जाई.

५. विसाव्या शतकातील नवे पाठ

भारतीयांच्या इंग्रजीतील चुकांकडे स्वतंत्र विषय म्हणून पाहणारे एक पुस्तक १९०७ मध्ये इंग्लंडात निघाले. त्याचा लेखक जी. सी. व्हिटवर्थ हा मुंबई इलाख्यातील सनदी नोकर होता. त्याची दृष्टी दोष दाखविणाऱ्या अधिकाऱ्याची होती हे खरे. तथापि येथील माणसाने लिहिलेली वाक्ये त्याने पुढ्यात घेतली, ही गोष्ट मरेच्या परंपरेहून निराळी होती.

दरम्यान युरोपात भाषांतराच्या पाठाविरुद्ध उठाव झालेला होता. विल्हेल्म फिएटर याने १८८२ मध्ये जर्मनीत त्याची हाक दिली. हेन्री स्वीट आणि ओटो येस्पर्सन या भाषापंडितांनी त्याला शास्त्रीय बैठक दिली. बोलभाषेला अग्रस्थान द्यावे आणि सलग मजकूर वाचावयास द्यावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. हॅरल्ड पामर १९२२ मध्ये टोकियोस गेला आणि तेथे त्याने वाक्यांचे साचे व त्यांत शब्द बदलून सराव देणारे तक्ते रचले. त्याच परंपरेतील ए. एस. हॉर्नबी याचा विद्यार्थ्यांसाठीचा कोश १९४२ मध्ये जपानातच प्रथम निघाला. भारतात मायकेल वेस्ट याने बंगालमधील अनुभवावरून १९२६ मध्ये आपला प्रबंध प्रसिद्ध केला. शब्दसंग्रह मोजून मापून द्यावा, हा त्याचा आग्रह. सुमारे दोन हजार शब्दांची त्याची यादी १९५३ मध्ये निघाली. त्यापूर्वी शब्दांचे पाठ म्हणजे अवघड शब्दांच्या याद्या आणि 'वाक्यात उपयोग करा' ही आज्ञा. कोणता शब्द आधी शिकवावा हा प्रश्न वेस्टमुळे शास्त्राचा विषय झाला.

स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये अलाहाबाद येथे आणि १९५८ मध्ये हैदराबाद येथे इंग्रजीच्या अध्यापनासाठी संस्था निघाल्या, आणि साच्यांचा सराव देशभर पसरला. त्याच सुमारास अमेरिकेत चार्ल्स फ्राइझ आणि रॉबर्ट लाडो यांनी असे मांडले की, सरावपाठ विद्यार्थ्याची भाषा आणि परभाषा यांच्या तुलनेतून निघाले पाहिजेत. लाडोचा ग्रंथ १९५७ चा. तर्खडकरांच्या पाठमालेत जे व्यवहारात आधीच होते, त्याचे हे शास्त्रीय समर्थनच होते. मात्र वर्गातील सरावात मातृभाषेला मज्जाव करावयाचा आणि पाठ रचणाऱ्याने तेवढी ती अभ्यासावयाची, असा नव्या पद्धतीचा दंडक होता. येथे संस्थांनी साचे घेतले, तुलना मागे राहिली. एकच तक्ता तमिळ, बंगाली आणि मराठी मुलांना देण्यात आला.

सगळ्याच चुकांचे मूळ मातृभाषेत शोधणे योग्य नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. एफ. जी. फ्रेंच याने १९४९ मध्येच दाखवून दिले होते की, निरनिराळ्या भाषा बोलणारे विद्यार्थी पुष्कळदा सारख्याच चुका करतात. 'डिड वेंट' हे रूप मराठी मुलगाही लिहितो आणि जपानीही. १९६७ मध्ये पिट कॉर्डर याने यापुढचे पाऊल टाकले : विद्यार्थ्याची चूक हा दोष नसून तो भाषेची व्यवस्था आपल्या मनाशी कशी बांधीत आहे याचा पुरावा होय. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील शाळांत जो प्रयोग केला, त्यात व्याकरणाचे सरावपाठच वगळून मुलांना विचार करावयास लावणारी कामे दिली. चुकीकडे पाहण्याची दृष्टी दोनशे वर्षांत कशी बदलली, हे यावरून दिसून येईल.

वर्गातील पाठ मात्र सिद्धांताच्या वेगाने बदलत नाहीत. 'रिकाम्या जागा भरा' हा प्रकार आज सर्वांत अधिक रूढ आहे, कारण तो तपासण्यास सोपा आहे. त्याच पानावर मरेचे अशुद्ध वाक्य, नेसफील्डचे रूपांतर आणि पामरचा साचा शेजारी शेजारी नांदताना आढळतात. जे सिद्धांत एकमेकांशी भांडले, त्यांचे पाठ प्रश्नपत्रिकेत गुण्यागोविंदाने राहतात.

६. समारोप

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकविले जाऊ लागले. इंग्रजीशी प्रथम गाठ पडण्याचे वय अशा रीतीने खाली आले, आणि ज्यांच्या घरी इंग्रजीचा शब्दही कानावर पडत नाही अशी लक्षावधी मुले या पाठांसमोर बसली. त्यांच्या बाबतीत सरावपाठाची निवड ही किरकोळ बाब राहत नाही. ज्या चुका त्यांच्या नाहीत त्यांवर खर्च झालेला वेळ शाळेबाहेर भरून काढण्याची सोय त्यांना नसते, आणि 'इंग्रजी आपल्याला येणारच नाही' ही समजूत त्यातूनच दृढ होते. पाठ चांगला की वाईट हे ठरविण्याची एक साधी कसोटी वरील इतिहासातून हाती लागते : हा पाठ सोडविताना मराठी मूल जेथे खरोखर अडते तेथे पोचतो काय? या कसोटीला जुना म्हणून हिणवलेला भाषांतराचा पाठ पुष्कळदा उतरतो, आणि नवा म्हणून मिरविलेला तक्ता पुष्कळदा उतरत नाही.

ही कसोटी लावावयाची तर मराठी विद्यार्थी कोठे अडतो याची पद्धतशीर नोंद हवी. त्यासाठीचे साधन दुर्मिळ नाही. जुन्या शाळांच्या कपाटांत पडून असलेली सरावपाठांची पुस्तके, त्यांच्या समासात पेन्सिलीने लिहिलेली उत्तरे, शिक्षकांनी तांबड्या शाईने तपासलेल्या वह्या, हे सर्व या इतिहासाचे अस्सल कागद होत. ग्रंथालये व्याकरणग्रंथ जपतात. वह्या रद्दीत जातात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील शाळांतून अशा वह्या गोळा करून त्यांतील चुकांचे वर्गीकरण केले, तर मरेपासून आजपर्यंत जो प्रश्न पाठ रचणाऱ्यांनी अंदाजाने सोडविला, त्याचे उत्तर पुराव्याने देता येईल.